चिकटताईचे दोनशे शेअर

कॉम्प्युटर खोक्यात भरायचा तर आधी त्याला तान्ह्या मुलासारखं झोपवावं लागतं. अंगावर पातळ प्लास्टिकची पिशवी, चारी कोपऱ्यांना थर्माकोलच्या उशा, कुशीला वायरींची पुडी आणि डोक्याशी माहितीचं पुस्तक. मग खोक्याच्या चार पाकळ्या मिटायच्या आणि वरून चिकटपट्टी ओढायची. एक उभी, दोन आडव्या. ओढताना टर्रर्र आवाज होतो, आणि शेवटी अंगठ्याचं नख असं दाबून फिरवायचं की आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये.

हे काम तिने सतरा वर्षं केलं. पत्र्याची लांब शेड, ओळीने बारा बाकं, आणि तिसऱ्या बाकावर ती. तिने बंद केलेलं खोकं उघडताना गिऱ्हाईक शिव्या देतं, अशी तिची ख्याती होती. म्हणून सगळे तिला चिकटताई म्हणत. पण पट्टी हे त्या नावाचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं, की एखादा प्रश्न तिला चिकटला की तो निघता निघत नसे.

खोक्यात ओल शोषणारी एक छोटी पुडी टाकायची असे. तिच्यावर छापलेलं असे, ‘खाऊ नये’. कॉम्प्युटरच्या खोक्यात हात घालून कोण काय खाणार आहे, हे तिने आधी शेजारच्या बाकावर विचारलं, मग मुकादमाला, मग भांडारातल्या साहेबाला. तीन आठवड्यांनी साहेबाने हात टेकले. पुडी फाडून आतले दाणे तिच्या तळहातावर ओतले आणि ते हवेतलं पाणी कसं पितात ते समजावून सांगितलं. चिकटताई खूश होऊन चार पुड्या घरी घेऊन गेली आणि कपाटात ठेवल्या.

नवरा म्हणाला, “कपाट कोरडं केलंस. आता माझा नंबर का?”

“तुम्ही ओले होतात कधी?” ती म्हणाली.

नवरा टेम्पोवाला. तिने बंद केलेली खोकी शेडच्या मागच्या दारातून तोच उचलायचा आणि गावोगाव पोचवायचा. दोघांचा संसार एकाच खोक्याच्या दोन बाजूंवर उभा होता म्हणायला हरकत नाही.

एका तंगीच्या वर्षी कंपनीने बोनसऐवजी कामगारांना शेअर दिले. चिकटताईच्या वाट्याला दोनशे आले. “हे कागद भाजून खायचे की उकडून?” असं शेडमध्ये सगळे म्हणाले. चिकटताईने मात्र घरी जाऊन त्यावरचा मजकूर तीनदा वाचला. धारक हा कंपनीचा भागीदार आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा कोपऱ्यात पाणी ठिबकत होतं.

“मुकादम, आपलं छप्पर गळतंय,” ती म्हणाली.

“मालकीणबाई,” मुकादम म्हणाला, “आधी ते खोकं बंद करा, मग छपराकडे बघा.”

पुढे तीन वर्षांनी फळ्यावर एक सूचना लागली. सूचना वरच्या कचेरीतून आली होती आणि कुणीतरी तिचं मराठी करून दिलं होतं. कॉम्प्युटर बनवण्यात आता पूर्वीसारखा नफा उरलेला नाही. सबब कंपनी यंत्रांच्या निर्मितीतून टप्प्याटप्प्याने बाहेर पडेल आणि सेवेकडे वळेल. पॅकिंगची शेड चार महिन्यांनी बंद होईल. हिशेब चुकता केला जाईल.

शेडमध्ये एकच कालवा झाला. नोकरी जाणार हे कुणालाही कळत होतं. कळत नव्हता तो एक शब्द.

“सेवेकडे वळणार म्हणजे?” चिकटताईने विचारलं.

“म्हणजे काय म्हणजे?” मुकादम म्हणाला. “माणूस सेवेकडे कधी वळतो? हातपाय थकले की. तशी ही कंपनी थकली. आता लोकांची सेवा करणार.”

“फुकट?”

“सेवेला कुणी पैसे घेतं का? सेवा आणि मोबदला एका ताटात बसत नाहीत.”

“अहो, पण एवढी मोठी कंपनी फुकट काम करायला कशी निघेल? वेडी आहेत का ती माणसं?”

“लहान माणूस वेडा झाला तर त्याला वेडा म्हणतात,” मुकादम म्हणाला. “मोठा झाला तर त्याला धोरण म्हणतात.”

सगळे हसले, आणि त्या हसण्यातच गोष्ट पक्की झाली. जी कंपनी आता सेवा करणार, तिचे शेअर रद्दी. शेजारच्या बाकावरची म्हणाली, माझ्या आत्याने जन्मभर सगळ्यांची सेवा केली, शेवटी तिच्याकडे काय होतं? दोन पातळं. तिसऱ्याच दिवशी फाटकाबाहेर एका दलालाने टेबल मांडलं. भाव पडलेला होता, पण दलाल रोख देत होता. आठवड्याभरात बारापैकी अकरा बाकांचे शेअर त्याच्या पेटीत गेले. पहिला नंबर मुकादमाचा.

दलालाने चिकटताईला दोनदा हाक मारली. ती गेली आणि त्यालाच विचारू लागली, “हे सगळं फुकटात जाणार असेल तर तुम्ही का घेताय?”

दलाल जरा गडबडला. “आमचा धंदा आहे तो, ताई.”

“म्हणजे तुमचीही सेवाच?”

त्याने तिसऱ्यांदा हाक मारली नाही.

घरी मात्र प्रश्न इतका हलका नव्हता. नवऱ्याचा टेम्पो बारा वर्षांचा झाला होता. कारखान्याची खोकी थांबली की दुसरीकडचा माल शोधावा लागणार, आणि या खिळखिळ्या टेम्पोला कोण माल देणार? शेअर विकून हाती येईल ती रक्कम आणि चिकटताईचा हिशेब, दोन्ही मिळून नवा टेम्पो उभा राहत होता. न विकले तर राहत नव्हता. इतकं ते सरळ होतं.

“अगं, आज विकले तर चार चाकं येतात,” तो म्हणाला. “उद्या विकले तर दोन येतील. परवा नुसता हॉर्न.”

“ती लोकं विकणार काय, एवढं कळू दे ना मला.”

“आणि कळेपर्यंत मी काय करू?”

“आहे तो चालवा.”

“आणि तो नाही चालला तर?”

“मी धक्का मारीन.”

त्याने टेम्पोची किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाला, “कागद तुझ्या घामाचे आहेत. मी एकदा मागितले, पुन्हा मागणार नाही.” आणि तो शब्दाचा पक्का होता. पुढे कधीकधी तिला वाटे, पुन्हा मागितले असते तर बरं झालं असतं.

शेड बंद झाली. चिकटताई औषधांच्या गुदामात बाटल्या खोक्यात भरायला लागली. पट्टी तीच, बोटं तीच, पगार थोडा कमी. शेअरचे कागद कपाटात होते आणि प्रश्न डोक्यात.

उत्तराचं पहिलं टोक तिला दवाखान्यात सापडलं. सासूबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, म्हणून ती त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. नोंदणीच्या खिडकीआड एक बाई कॉम्प्युटरवर नावं भरत होती. टेबलाखाली जुने कागद ठेवायला एक खोकं होतं. चिकटताईने वाकून पाहिलं. एक उभी, दोन आडव्या.

“काय हो, काय पडलं?” नोंदणीच्या बाईने विचारलं.

“काही नाही. माझी पट्टी आहे ती.” मग तिने सगळं सांगितलं, आणि मागे रांग खोळंबलेली असताना विचारलं, “हे यंत्र बंद पडलं तर तुम्ही काय करता?”

“कंपनीचा माणूस येतो. खांद्याला बॅग लावून. तासाभरात चालू करून देतो.”

“किती घेतो?”

“त्याला काही द्यायचं नसतं.”

चिकटताईचा चेहरा उतरला. म्हणजे मुकादम म्हणत होता तेच खरं. सेवा म्हणजे फुकट.

“त्याला नाही,” नोंदणीची बाई पुढे म्हणाली, “कंपनीला. वर्षाचा करार असतो. बंद पडो की न पडो, वर्षाचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला.”

“बंद न पडलं तरी?”

“तरी.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुन्हा.”

“मग तुम्ही सोडत का नाही त्यांना? दुसरा स्वस्तातला माणूस बघायचा.”

नोंदणीच्या बाईने कीबोर्डवरचे हात उचलले. “अहो, गेल्या आठ वर्षांतले सगळे पेशंट आहेत ह्याच्यात. यंत्र काय, उद्या दुसरं आणू. पण आतली सगळी मांडणी त्या कंपनीच्या माणसांनी केलेली. त्यांना सोडलं आणि घोळ झाला, तर तुमच्या सासूबाईंचा उजवा डोळा कापायचा की डावा, हे मला कोण सांगणार?”

“डावा!” सासूबाई मागून ओरडल्या. “कॉम्प्युटरला कशाला विचारता? मला विचारा.”

परत येताना चिकटताई सासूबाईंचा हात धरून चालत होती. रस्त्याच्या एका बाजूला शिंप्याचं दुकान होतं आणि समोर धोब्याचं. दोन्ही दुकानं ती रोज बघत आली होती, पण अशी जोडीने कधी बघितली नव्हती. शिंपी सदरा शिवतो, पैसे घेतो, विषय संपला. सदरा मन लावून शिवला तर गिऱ्हाईक पाच वर्षं त्याचं तोंड बघत नाही. म्हणजे चांगलं काम हाच शिंप्याचा तोटा. धोब्याकडे तोच सदरा दर आठवड्याला येतो. शिवलेला कुणाचा का असेना.

“आपली कंपनी धोबी होणार आहे,” घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली.

“शाबास,” तो म्हणाला. “आता ह्यात अभिमान कसला वाटून घ्यायचा, तेही सांग.”

पण एका दवाखान्यावरून कंपनी ओळखायची म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि चिकटताईला ते पटणारं नव्हतं. तिला आणखी शितं बघायची होती. आपली खोकी कुठे कुठे गेली हे जगात एकाच माणसाला तोंडपाठ होतं, आणि तो तिच्या घरात जेवत होता. कुरकुर करत का होईना, नवरा तिला टेम्पोत बसवून घेऊन गेला. माल पोचवायला जाई त्या वाटेवर जुनी ठिकाणं लागत. तिथे दहा मिनिटं थांबायचं. छापखाना, दूध डेअरी, एक शाळा, पाणीपुरवठ्याची कचेरी, कापडाचं मोठं दुकान. ती आत जायची, पाणी मागायची, आणि पाणी पिता पिता विचारायची, “बंद पडलं तर माणूस येतो का?”

डेअरीतला मॅनेजर वैतागून म्हणाला, “बाई, तुम्ही पाणी प्यायला आलात की तपासणीला?”

“मालकीण आहे मी कंपनीची,” चिकटताई म्हणाली. “थोडीशी.”

सगळीकडे माणूस येत होता. करार चालू होता. लाकडाच्या वखारीत मात्र कॉम्प्युटर फडक्याखाली झाकलेला होता आणि वखारवाला वहीत लिहीत बसला होता. “दोनदा फोन केला,” तो म्हणाला. “माणूस आला नाही. तिसऱ्यांदा मी केला नाही.”

“आणि करार?”

“तो? चुलीत.”

टेम्पोत बसल्यावर नवऱ्याला बोलल्यावाचून राहवेना. “बघितलंस?”

“बघितलं,” ती म्हणाली. “माणूस येतो तिथे करार चालू आहे. नाही आला तिथे संपला. म्हणजे यंत्र कसलं, कारखाना कसला, सगळा धंदा त्या बॅगवाल्याच्या पायांवर उभा आहे. तो जोवर वेळेवर पोचतोय तोवर शेअर ठेवायचे. पोचेनासा झाला की विकायचे.”

शेअरबाजाराची पानं वाचणारे लोक काय काय आकडे बघतात, ते तिला माहीत नव्हतं. तिने स्वतःपुरता हा एक आकडा शोधला. दरवर्षी हिवाळा सरता सरता ती दवाखाना धरून त्या सात ठिकाणी फेरी मारायची, तोच प्रश्न विचारायची, आणि वखार सोडून बाकी ठिकाणी ‘येतो’ ऐकून परतायची.

बाजाराला मात्र तिचा आकडा माहीत नव्हता. पहिली पाच वर्षं शेअर घसरतच राहिला. दलालाने देऊ केला होता त्याच्या निम्म्यावर आला. मुकादमाने शेअरच्या पैशातून किराणा दुकान टाकलं होतं. ती साखर घ्यायला गेली की तो फळीवरचे डबे दाखवून म्हणे, “ताई, आमचे पैसे इथे दिसतात. तुमचे कुठे दिसतात?” ती साखर घेऊन गुपचूप घरी यायची.

आणि टेम्पो? तो सकाळी चालू होत नसे. नवरा आत बसायचा, चिकटताई मागे. पदर खोचून, दोन्ही तळवे फळकुटावर टेकून ती ढकलायची. वीस-पंचवीस पावलांवर इंजिन खोकायचं, धूर सोडायचं आणि पुढे पळायचं. शब्द तिने दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. नवऱ्याने शब्द दिला होता, त्यामुळे मागणीला जागा नव्हती. दोन शब्दांच्या मध्ये एक टेम्पो, रोज सकाळी.

मग सहाव्या वर्षापासून वारं फिरलं. कंपनीने उरलासुरला कारखानाही विकून टाकला. दरवर्षीचा लाभांश आधी थोडा, मग बरा वाढला. शेअर जुन्या भावाला आला, त्याच्या पुढे गेला, आणि अकराव्या वर्षी चौपट झाला. मुकादम डबे दाखवायचा बंद झाला. उलट एकदा हळूच म्हणाला, “ताई, ती सेवा नेमकी कसली हो?”

नवऱ्याचंही बरं चाललं होतं, निदान तिला तसं दिसत होतं. नोंदणीच्या बाईच्या ओळखीने त्याला दवाखान्याचं काम लागलं होतं. रोज सकाळी मळक्या चादरी धुलाईखान्यात न्यायच्या आणि धुतलेल्या परत आणायच्या. फेरीप्रमाणे पैसे मिळत नव्हते, महिन्याचे ठरलेले होते. “मीही धोबी झालो,” तो सांगायचा. “निम्मा तरी.”

त्याच वर्षीच्या फेरीत मात्र चिकटताईच्या पायाखालची जमीन सरकली. छापखान्यात विचारलं, माणूस येतो का? “नाही हो, गेल्या वर्षभरात कुणी आलं नाही.” डेअरीत विचारलं. नाही. शाळेत, कचेरीत, कापडाच्या दुकानात, नाही. तिची एकच खूण होती आणि ती एकाच दमात सगळीकडे फिरली होती. तिच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी विकायला हवं होतं. ती दलालाकडे जायला निघालीही. पण जाताना वाटेत वाटलं, माणूस येत नसेल तर वखारवाल्यासारखे बाकीचे चिडत का नाहीत? करार फाडत का नाहीत? सगळे तर खुशीत होते.

प्रश्न पुन्हा चिकटला, आणि या वेळी तिने तो थेट मालकांच्या घरी न्यायचा ठरवलं. कंपनीची वार्षिक सभा होती. भागीदारांना निमंत्रण दरवर्षी टपालाने येई. ती पहिल्यांदाच गेली.

मोठं थंडगार सभागृह, मऊ खुर्च्या, मंचावर सात माणसं. आकडे वाचून झाले, टाळ्या झाल्या, आणि प्रश्न विचारा म्हटल्यावर चिकटताई उभी राहिली. ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी आला तेव्हा तिला स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू आला.

“मी आपली खोकी बंद करत होते,” ती म्हणाली. “मग खोकी गेली. म्हटलं, ठीक आहे, माणूस तरी जातोय. आता माणूसही जात नाही. मग आपण विकतो काय?”

लोक हसले. ‘आपण’ या शब्दाला जास्त हसले. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि चार मोठे शब्द वाचले, जे ऐकून चिकटताई तशीच उभी राहिली. “बसा,” कुणीतरी म्हणालं. ती बसली नाही. तेव्हा मंचाच्या टोकाला बसलेल्या, चष्मा लावलेल्या एक बाई, ज्यांच्याकडे सगळा सेवा विभाग होता, पुढे वाकून म्हणाल्या, “ताई, सभा संपली की माझ्याबरोबर वर चला. दाखवते.”

वर तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली होती. तिच्या जुन्या शेडएवढीच. ओळीने टेबलं, टेबलांवर पडदे, पडद्यांवर हिरव्या ठिपक्यांच्या रांगा. कानाला यंत्र लावून माणसं हलक्या आवाजात बोलत होती. एक एक ठिपका म्हणजे कुठलं तरी दूरचं गिऱ्हाईक, चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं. एका मुलीपुढचा ठिपका पिवळा झाला होता. “ही एक गिरणी आहे,” ती मुलगी म्हणाली. “त्यांच्या मोठ्या यंत्राचा पंखा मंदावलाय. त्यांना अजून माहीतही नाही. परवा बंद पडला असता.”

“म्हणजे बंद पडायच्या आधीच तुम्हाला कळतं?”

“आधीच कळतं आणि बहुतेक वेळा इथूनच नीट करता येतं. म्हणून माणूस येत नाही, ताई. लोक आम्हाला न बंद पडण्याचे पैसे देतात.”

चिकटताई खोलीभर फिरली. प्रत्येक पडद्याशी थांबली. मग दाराशी येऊन म्हणाली, “बॅगवाला यायचा तेव्हा लोक त्याला बघायचे. चहा पाजायचे. आता काही बंदच पडत नाही आणि कुणी दिसतही नाही. मग पाच वर्षांनी एखादा म्हणेल, ह्यांना पैसे देतोय कशाचे? तेव्हा काय सांगाल?”

चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. “खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “आम्हाला झोप येऊ देत नाही असा तोच एक प्रश्न आहे. उत्तर अजून सापडलेलं नाही. शोधतोय.”

खाली मंचावरून मिळालेल्या चार मोठ्या शब्दांपेक्षा हे उत्तर चिकटताईला दणकट वाटलं. जो आपला कच्चा दुवा असा उघड दाखवतो, त्याच्याकडे माल आणखी काही वर्षं ठेवायला हरकत नाही. शेअर विकायचे नाहीत, असं मनाशी ठरवूनच ती घरी आली.

दोन दिवसांनी सासूबाईंना उजवा डोळा दाखवायला ती दवाखान्यात गेली. सभेची हकीकत नोंदणीच्या बाईला कधी सांगते असं तिला झालं होतं. पण खिडकीशी पोचताच ती बाईच गंभीर होऊन म्हणाली, “बरं झालं आलात. घरी काही बोलले का हो ते?”

“कोण?”

“तुमचे यजमान. मंगळवारी चादरी आल्याच नाहीत. शुक्रवारी आल्या त्याही दुपारी. वॉर्डात पेशंट उघड्या गादीवर. मोठ्या बाई म्हणाल्या, माणूस वेळेवर येत नसेल तर करार कशाला ठेवायचा? अजून एकदा चुकलं तर दुसरा बघणार आहेत.”

अकरा वर्षं जो प्रश्न घेऊन चिकटताई दारोदार पाणी पीत हिंडली, त्याचं उत्तर आज तिला न विचारताच मिळालं होतं, आणि त्या उत्तरात तिचं घर होतं.

संध्याकाळी नवरा टेम्पोखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. नुसते पाय दिसत होते.

“मंगळवारी चादरी गेल्या नाहीत,” ती पायांना म्हणाली.

पाय थांबले. “कुणी सांगितलं?”

“तुम्ही का नाही सांगितलं?”

“सांगून काय?” टेम्पोखालून आवाज आला. “तू धक्का मारून गुदामात गेलीस आणि हा पुलावर बंद पडला. मग काय तुला हाक मारू? आणि पुन्हा मागणार नाही म्हटलं होतं मी. सांगणं म्हणजे मागणंच झालं.”

“एवढा मान!”

“तुझ्याकडे शेअर आहेत. माझ्याकडे दुसरं काय आहे?”

ती तिथेच जमिनीवर बसली. मग तिने त्याला विचारायला सुरुवात केली, जशी छापखान्यात आणि डेअरीत विचारायची तशी. दवाखाना कराराचे पैसे वेळेवर देतो का? देतो. पुढच्या वर्षी करार वाढवतील का? टेम्पो वेळेवर गेला तर वाढवतील, शिवाय शेजारचं बाळंतपणाचं रुग्णालयही विचारत होतं. मग त्यांना काय सांगितलं? “काय सांगणार? ह्या डब्याच्या भरवशावर दुसरं गिऱ्हाईक घेऊ?” नवा टेम्पो किती वर्षं न कुरकुरता चालेल? आठ तरी. उत्तरं देता देता तो टेम्पोखालून हळूहळू बाहेर आला. तोंडाला काळं फासलेलं, हातात पाना.

“हे सगळं कशाला विचारतेस?”

“जी कंपनी मी कधी तपासलीच नाही, ती तपासतेय,” ती म्हणाली.

सोमवारी ती दलालाच्या कचेरीत गेली. नवऱ्याला तिने बळेच बरोबर नेलं. तो बाहेर बाकावर टोपी हातात घेऊन बसला. आतल्या कारकुनाने अर्ज पुढे केला आणि विचारलं, “सगळे दोनशे?”

चिकटताईने पेन उचललं. त्या हिरव्या ठिपक्यांची खोली तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि उघड्या गादीवरचा कुणीतरी अनोळखी पेशंटही आला. तिने शंभर लिहिलं, सही केली, आणि अर्ज सरकवला.

बाहेर आल्यावर नवऱ्याने पावती दोनदा वाचली. तिच्याकडे बघितलं, पुन्हा पावतीकडे.

“एवढ्यात नवा येतो,” तो म्हणाला. “उधार न करता येतो.” मग पावती खिशात ठेवत म्हणाला, “पण निम्मेच का? भाव चांगला होता ना?”

“चांगला होता.”

“मग उरलेले शंभर?”

“त्या चष्मेवाल्या बाईंना उत्तर सापडतंय का, ते बघायचंय,” चिकटताई म्हणाली, आणि टेम्पोच्या दुकानाकडे त्याच्याही पुढे चालू लागली.